केंद्रातील विशेष शिक्षक टिकत का नाहीत?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील एका केंद्रप्रमुखांचा आहे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटाचे (केंद्राचे) काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा. त्यांच्या केंद्रात गेल्या काही वर्षांत अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचे विशेष शिक्षक आले आणि गेले. आलेले सर्व जण विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी घेतलेले, भारतीय पुनर्वास परिषदेकडे रीतसर नोंदणी असलेले होते. तरीही वर्गशिक्षकांची तक्रार अशी की विशेष शिक्षक येतात, मुलाशी थोडा वेळ बोलतात, भेटवहीत सही करतात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. मुलाच्या शिकण्यात मात्र फरक पडत नाही. दोष प्रशिक्षणात आहे, माणसांत आहे की व्यवस्थेत, आणि केंद्राच्या पातळीवर काय करता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या प्रश्नात शिक्षकांची तयारी, कामाची परिणामकारकता आणि त्यांचे टिकून राहणे असे तीन वेगळे मुद्दे आहेत असे वरवर दिसते. विदर्भाच्या ग्रामीण भागात आधी विशेष शिक्षक म्हणून आणि पुढे या शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम करताना माझे मत असे बनत गेले की हे तिन्ही मुद्दे एकाच विसंगतीतून निघतात. आपण विशेष शिक्षकाला एका खोलीत, एकाच प्रकारचे अपंगत्व असलेल्या मुलांना रोज शिकवण्यासाठी तयार करतो. नेमतो मात्र गावोगाव फिरून सर्व प्रकारच्या मुलांचे पाहण्यासाठी, आणि ही मुले त्याला महिन्यातून एकदोनदाच भेटतात. त्यामुळे जे शिकले ते वापरायला मिळत नाही, जे करावे लागते ते शिकवलेले नसते, आणि केलेल्या कामाचे फळ डोळ्यांसमोर दिसत नाही. अशा नोकरीत पगाराचा प्रश्न सुटला तरी मन रमणे कठीण असते.

तयारीची ही पद्धत अशी का झाली, याला कारण आहे. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. १९९३ पासून परिषद वैधानिक संस्था म्हणून काम करू लागली आणि विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम तिच्या मान्यतेखाली आले. त्या काळी विशेष शिक्षण म्हणजे प्रामुख्याने विशेष शाळा. आपल्याकडे त्या स्वयंसेवी संस्थांनी चालवल्या. वरोऱ्याच्या आनंदवनातील अंध आणि मूकबधिर विद्यालये हे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. तेथे अंध मुलांना ब्रेल येणारा, श्रवणदोष असलेल्या मुलांना वाचाशिक्षण देऊ शकणारा शिक्षक हवा होता, म्हणून प्रवर्गनिहाय अभ्यासक्रम योग्यच होते. आजही दोन वर्षांची पदविका एखाद्या प्रवर्गात घेतली जाते, म्हणजे दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता इत्यादी, आणि सरावपाठांचा मोठा भाग विशेष शाळेतच पार पडतो. दरम्यान भोवतालची परिस्थिती बदलली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. शिक्षण हक्क कायद्याने मूल जवळच्या शाळेत आले. बौद्धिक अक्षमता प्रवर्गात पदविका घेतलेल्या शिक्षिकेकडे केंद्रातील अंशतः दृष्टी असलेली मुलगी, कॉक्लिअर रोपण (ऐकू येण्यासाठी कानात शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र) झालेला मुलगा आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेले तिसरे मूल, असे सगळेच सोपवले जाते. तिला या सर्वांतले थोडेथोडे यावे, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र ते तिला कोणी शिकवलेले नाही.

श्रवणयंत्राचेच घ्या. शिबिरात यंत्र मिळते, दुसऱ्या दिवशी मूल ते लावून शाळेत येते आणि महिन्याभरात ते घरातल्या डब्यात जाते. वर्गशिक्षिकेला विचारले तर उत्तर मिळते, "मशीन वाजते ना मॅडम, म्हणून काढून ठेवाले सांगतलं." यंत्र वाजते याचा अर्थ ते बिघडले असा नसतो. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो, यंत्राचा कानात बसणारा जुना साचा सैल होतो, बाहेर पडलेला आवाज पुन्हा यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते. नवीन साचा करून घेतला की शिट्टी थांबते. लहान मुलांच्या बाबतीत हे वारंवार करावे लागते. बॅटरीचेही तसेच. कानामागच्या यंत्रातील बहुतेक बटण बॅटऱ्या हवेवर चालू होणाऱ्या असतात. वरचा चिकट कागद काढला की वापर असो वा नसो, ती उतरू लागते. पालकांनी सर्व बॅटऱ्यांचे कागद एकदाच काढून ठेवले तर पाकीट फुकट जाते, आणि नवीन पाकीट तालुक्यालाही मिळेलच असे नाही. विशेष शिक्षकाने वर्गशिक्षिकेला हे दाखवावे आणि एक छोटी चाचणी शिकवावी: मुलाच्या मागे उभे राहून 'आ', 'ऊ', 'ई', 'श', 'स', 'म' हे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात, मध्ये कमीजास्त वेळ सोडून म्हणायचे आणि ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी यात येतात. रोज हजेरीच्या वेळी एक मिनिट पुरते. ज्या दिवशी मूल 'श' आणि 'स' ला हात वर करत नाही, त्या दिवशी यंत्र पाहायचे. हे काम विशेष शिक्षकाच्या महिन्यातल्या एका भेटीत होणारे नाही. ते वर्गशिक्षिकेलाच करावे लागेल, आणि ते तिच्याकडून करवून घेणे हे विशेष शिक्षकाचे खरे काम आहे.

आपल्या भागाचा आणखी एक विषय प्रशिक्षणात जवळजवळ येत नाही, तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात तो घरोघरी ठाऊक असलेला आजार आहे. असे मूल बाहेरून धडधाकट दिसते. त्याला वेदनांचा झटका येतो, चार दिवस ते शाळेत येत नाही, आले तर मैदानावर धावायला नको म्हणते, आणि शिक्षक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. त्याला वारंवार पाणी पिऊ देणे, लघवीला जाण्याची मुभा देणे, थंडीत प्रार्थनेला उघड्यावर उभे न करणे, भर उन्हात कवायत न करवणे, ताप आला तर तो साधा समजून वाट न पाहता दवाखान्यात पोहोचवायला पालकांना सांगणे आणि बुडालेल्या दिवसांचा अभ्यास भरून काढण्याची सोय करणे, एवढ्याने त्याचे शालेय वर्ष वाचू शकते. यात विशेष शिक्षणाचे कोणतेही गूढ तंत्र नाही. तरीही मुलांच्या याद्या करताना आपले लक्ष व्हीलचेअर, काठी आणि श्रवणयंत्र यांवरच राहते, आणि ही मुले यादीत येतच नाहीत.

भाषेचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. आपल्या जिल्ह्यात कोलामी, गोंडी बोलणारी घरे आहेत, धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू आहे. पहिलीत आलेले मूल मराठी सूचना समजत नाही म्हणून गप्प बसते आणि दोन वर्षांनी 'गतिमंद' म्हणून विशेष शिक्षकासमोर उभे केले जाते. बुद्धिमापनासाठी आपल्याकडे वापरली जाणारी मालिन यांची चाचणी नागपुरातच भारतीय मुलांसाठी रूपांतरित झाली, पण तिच्या शाब्दिक भागात कोलामी घरातल्या मुलाला मिळालेले गुण त्याच्या बुद्धीविषयी फारसे काही सांगत नाहीत. विशेष शिक्षकाने पहिल्या भेटीत एवढे तरी पाहावे की हे मूल घरच्या भाषेत आजीला निरोप सांगू शकते का, वासरे किंवा शेळ्या मोजून आणते का, भावंडांत खेळाचे नियम पाळते का. हे सर्व करणारे मूल बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी शिबिरात पाठवणे हा अन्याय आहे, आणि तो सहसा चांगल्या हेतूने, सवलती मिळाव्यात म्हणून केला जातो.

आता परिणामकारकतेकडे. सध्या विशेष शिक्षकाचे काम भेटींच्या संख्येवर मोजले जाते, त्यामुळे तो भेटी देतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भेट झाली का, हे विचारण्याऐवजी मागच्या भेटीपासून या भेटीपर्यंत वर्गात काय घडले, हे आपण केंद्रप्रमुख म्हणून विचारू लागलात तर कामाचे स्वरूप सहा महिन्यांत बदलेल. त्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेली शिकण्याची योजना, कामाचा असावा लागतो. मी पाहिलेल्या अनेक आराखड्यांत "विद्यार्थी पैसे ओळखेल", "विद्यार्थ्याची आकलनक्षमता वाढेल" अशी उद्दिष्टे असतात आणि मुलांची नावे बदलून तीच पाने पुढे सरकतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या बारा वर्षांच्या मुलासाठी उद्दिष्ट असे हवे: "शाळेजवळच्या दुकानात १० रुपयांची नोट देऊन ५ रुपयांचा बिस्किटपुडा मागेल आणि उरलेले पैसे मोजून आणेल, सलग चार वेळा मदतीशिवाय." हे उद्दिष्ट लिहिले की पायऱ्या आपोआप सुचतात: आधी नोट आणि नाणी वेगळी करणे, मग ५ रुपयांच्या नाण्याशी जुळवणे, मग वर्गातच दुकान मांडून सराव, मग दुकानदाराला विश्वासात घेऊन प्रत्यक्ष खरेदी. प्रत्येक पायरीवर प्रथम हात धरून, मग खुणेने, मग नुसते थांबून मदत कमी करत जायचे, आणि वर्गशिक्षकाने एका ओळीत तारीख व किती मदत लागली ते नोंदवायचे. वाचनासाठीही हेच तत्त्व लागू होते: आठवड्यातून एकदा एक मिनिट उतारा वाचून घ्यायचा, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्यायचा. पाच-सहा ठिपके सपाट आले तर शिकवण्याची पद्धत बदलायची. मुलाला दोष देण्यापूर्वी हे करायचे. अमेरिकेत विशेष शिक्षकांच्या संघटनेने २०१७ मध्ये २२ परिणामकारक कृतींची यादी प्रसिद्ध केली, तिच्यातही स्पष्ट आणि पायरीपायरीने शिकवणे, प्रगती मोजून पद्धत बदलणे, तत्काळ अभिप्राय देणे, सहकाऱ्यांशी व पालकांशी मिळून काम करणे याच गोष्टी आहेत. महागडी साधने त्या यादीचा कणा नाहीत.

येथे माझी एक सूचना आपल्याला कदाचित पटणार नाही. केंद्रात साधारण दहा ते पंधरा शाळा असतात आणि आपण विशेष शिक्षकाचा दौरा सर्व शाळांत सारखा वाटून देतो. हे न्याय्य दिसते, पण यातून कोणत्याच मुलाला काही मिळत नाही. पहिल्या सत्रात ज्या तीन-चार शाळांत गरज जास्त आहे तेथे शिक्षकाने ठरलेल्या वारी, दर आठवड्याला जावे. उरलेल्या शाळांतील मुलांचा महिन्यातून एकदा आढावा घ्यावा आणि मधल्या काळात वर्गशिक्षकांशी फोनवर बोलावे. दुसऱ्या सत्रात शाळा बदलाव्यात. ठरलेला वार फार महत्त्वाचा आहे, कारण "मॅडम मंगळवारी येतात" हे ठाऊक असले की वर्गशिक्षक सोमवारी वही पाहतो आणि पालकही मुलाला शेतात न नेता शाळेत पाठवतात. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढे, हे विशेष जाणवते. धाकट्यांना सांभाळायला म्हणून घरी ठेवले जाणारे पहिले मूल बहुधा अपंगत्व असलेलेच असते. पालकांची भेट याच काळात शाळेत ठेवली तर कोणी येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावातील शाळेत ठेवली तर येतात.

घरी जाऊन शिक्षण देण्याच्या तरतुदीविषयी थोडक्यात सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी हा पर्याय दिला, तो त्या मुलांसाठी आवश्यकच आहे. मात्र पायरीऐवजी उतरण बांधली, मदतनीस भत्ता वेळेवर मिळाला आणि ऑटोची सोय झाली तर शाळेत येऊ शकणारी मुले त्या यादीत ढकलली जात नाहीत ना, हे आपण स्वतः घरी जाऊन पाहावे.

टिकण्याच्या प्रश्नात नोकरीची शाश्वती हा भाग टाळता येणार नाही. वर्षानुवर्षे विशेष शिक्षक कराराच्या आदेशावर राबले. दर वर्षी नव्या आदेशाची वाट, तुटपुंजे मानधन, तेही उशिरा. अशा स्थितीत दुसरीकडे नियमित जागा निघाली की माणूस जाणारच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून देण्यास सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अपंगत्व असलेल्या दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण अधिसूचित केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या राज्याने शाळांच्या केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, आणि ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना पदे निश्चित करून जाहीर करण्याचे व करारावरील शिक्षकांच्या पात्रतेची छाननी समितीमार्फत तपासणी करण्याचे निर्देश दिले. शाळांच्या एका केंद्राला एक पद हा दहा मुलांमागे एक या प्रमाणापासून पुष्कळ दूरचा टप्पा आहे, हे खरे. तरीही पूर्वी तालुकाभर फिरणाऱ्या शिक्षकाला निदान एका केंद्राची सीमा मिळणे, ही मला या सर्व घडामोडींतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अंतर कमी झाले तरच ठरलेला वार पाळता येईल.

पण पद निर्माण झाले म्हणून माणूस टिकेल, असे समजू नये. अमेरिकेत मुलांच्या विशेष शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १९७५ सालचा आहे, तेथे पदे कायम आहेत, तरी विशेष शिक्षकांची टंचाई हटलेली नाही. सोडून जाणाऱ्यांविषयीच्या तेथील संशोधनात पगाराइतकीच ठळकपणे कामाची परिस्थिती येते: मुख्याध्यापकांचा पाठिंबा नसणे, कागदपत्रांचा बोजा, नेमके काय करायचे याची संदिग्धता, आणि सुरुवातीच्या वर्षांत अनुभवी मार्गदर्शक नसणे. हे वाचताना मला आपलाच तालुका आठवत होता. आपल्याकडे विशेष शिक्षकाचे दिवस यूडायस या शाळांच्या माहितीप्रणालीतील नोंदी, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचे अर्ज, जिल्हा रुग्णालयातील प्रमाणपत्र शिबिर, भत्त्यांसाठी बँक खाते आणि आधार जोडणे, साहित्य वाटपाचे शिबिर, दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव यांत जातात. यांतील प्रत्येक काम मुलाच्या हक्काचे आहे, म्हणून ते नको असे मी म्हणणार नाही. पण बँक खाते आणि नोंदी ही कामे शाळेने करायची आहेत. विशेष शिक्षकाने फक्त कोणाला काय लागू आहे ते सांगावे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात संगणकावर बसवण्यासाठी त्याला बोलावणे येते तेव्हा आपण "आज त्यांचा वार अमुक शाळेचा आहे" असे लेखी कळवावे. केंद्रप्रमुखाला एवढे नक्कीच करता येते, आणि शिक्षकाला आपल्या पाठीशी कोणी आहे हे त्यातूनच कळते.

प्रवासाचाही हिशेब मोकळेपणाने व्हावा. स्वतःच्या दुचाकीवर, पावसाळ्यात नाले ओलांडून, जंगलातल्या रस्त्याने एकटीने जाणाऱ्या शिक्षिकेला दौरा आखताना विचारले जात नाही. दोन लांबच्या शाळा एकाच दिवशी नकोत, पावसाळ्यात अलीकडच्या शाळा आणि हिवाळ्यात पलीकडच्या, इतका विचार पुरे होतो. एकटेपणाचे दुखणे वेगळे आहे. शाळेतील शिक्षक तिला आपल्यातली मानत नाहीत, आणि तिच्या विषयाचे बोलणारे दुसरे माणूस शेजारच्या केंद्रात असते. लगतच्या तीन-चार केंद्रांतील विशेष शिक्षकांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसू द्यावे. वेगवेगळ्या प्रवर्गांत शिकलेले असल्याने श्रवणदोषवाला दृष्टिदोषवाल्याकडून शिकेल आणि प्रशिक्षणातील उणीव त्यातून थोडी भरून निघेल. नागपूरच्या संयुक्त प्रादेशिक केंद्रासारख्या संस्थेशी आणि आपल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशी या गटाचा संपर्क ठेवावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही विशेष शिक्षकाला शेवटची पाच मिनिटे देण्याऐवजी एका खऱ्या मुलाच्या अडचणीवर अर्धा तास द्यावा, तोही जेवणाआधी.

इतके करूनही कोणी जाईलच. लग्न, बदली, घरची ओढ ही कारणे कोणाच्या हातात नसतात. म्हणून जाणाऱ्याच्या पिशवीत मुलांची माहिती जाणार नाही, याची व्यवस्था आधीच करावी. आराखड्याची एक प्रत वर्गशिक्षकाकडे आणि एक पालकांकडे असावी. तिच्या पहिल्या पानावर मूल आज काय करू शकते, कोणत्या पायरीवर आहे, कशाने चिडते, कशाने खुलते, कोणते साधन कोणत्या महिन्यात मिळाले आणि त्याची दुरुस्ती कोठे होते, एवढे साध्या मराठीत लिहिलेले असावे. नवीन शिक्षक रुजू होताना जुन्याबरोबर निदान दोन दिवस त्याच शाळांत एकत्र फिरतील असा आदेश गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून काढून घ्यावा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. रुजू होण्याचे आदेश बहुधा त्यानंतर निघतात, त्यामुळे ही मागणी मे महिन्यातच लेखी द्यावी.